मोरीचा बोळा

‘मोरीला बोळा अन् दरवाजा मोकळा’ ही म्हण आपण पैशांच्या बाबतीत वापरतो. बारीकसारीक खर्चाला आळा घालायचा आणि मोठी गळती तशीच चालू द्यायची, असा तिचा रोख. पण ती जन्मली ती अशा घरांत, जिथे मोरीला खरोखरच बोळा असे. दगडी मोरी, तिच्या कोपऱ्यात भिंतीला आरपार भोक आणि भोकातून पाणी थेट बाहेरच्या नालीत. ज्या वाटेनं पाणी जातं त्याच वाटेनं घूस, उंदीर, विंचू आत येतात. पावसाळ्यात साप येतो, वास तर बारा महिने येतो. म्हणून रात्री निजानीज झाली की त्या भोकात जुन्या लुगड्याच्या चिंध्यांचा घट्ट बोळा बसायचा, नाहीतर विटेचा तुकडा. सकाळी घरातली बाई तो काढायची.

जाणाऱ्याला जाऊ द्यायचं आणि उलट येणाऱ्याला अडवायचं, हे काम त्या काळी माणसाच्या हातानं होत होतं. वऱ्हाडातल्या अकोटच्या हार्डवेअरच्या दुकानात आज मिळणारी जाळी, ट्रॅप, झडपेचा व्हॉल्व्ह हे सगळे त्याच कामावर नेमलेले. तरीही पावसाचा एखादा मोठा तडाखा बसला की वऱ्हाडातल्या कितीतरी घरांत तळमजल्याच्या न्हाणीघरातून पाणी उलटं मारतं. आधी जाळीतून गुडगुड आवाज येतो, मग बुडबुडे, मग काळं पाणी. संडासाचं आणि मोरीचं पाणी एकाच पाइपात जोडलेलं असेल तर पुढचं सांगायला नको. पाऊस थांबल्यावर फिनेलची बाटली आणि खराटा घेऊन ते निपटायचं काम कोणाच्या वाट्याला येतं, हेही सांगायला नको. घरात ट्रॅप असूनही पाणी आलं, म्हणजे ट्रॅप खराब निघाला, असं म्हणून लोक नवा बसवतात आणि पुढच्या जुलैत पुन्हा तेच होतं. ट्रॅप खराब नसतो. तो ज्या कामासाठी जन्मला ते काम वेगळं होतं.

ट्रॅपचा जन्म लंडनचा. तिथे अलेक्झांडर कमिंग नावाचे एक स्कॉटिश घड्याळजी होते. १७७५ साली त्यांनी शौचकूपाचं पेटंट घेतलं. शौचकूप त्याआधीही होते. राणी एलिझाबेथच्या काळात, १५९६ मध्ये, सर जॉन हॅरिंग्टन यांनी पाण्यानं धुतला जाणारा एक शौचकूप बनवून त्यावर पुस्तकही लिहिलं होतं. पण खालची घाण आणि वरचं घर यांच्यामध्ये एका झाकणापलीकडे काही नव्हतं आणि झाकण कधीच नीट बसत नसे. कमिंग यांनी खालच्या पाइपाला वळण दिलं. वळणात थोडं पाणी कायम साचून राहतं. नवीन पाणी आलं की जुनं पुढे ढकललं जातं आणि वळण पुन्हा भरलेलंच राहतं. पाणी जातं, वायू मात्र ते साचलेलं पाणी ओलांडून येऊ शकत नाही. वळणात हलणारा एकही भाग नाही, झिजण्यासारखं काही नाही, उघडायला-लावायला माणूस नको. घड्याळाची चाकं घासण्यात आयुष्य गेलेल्या माणसाला चाकाशिवायचं यंत्र सुचावं, याचं मला फार अप्रूप वाटतं.

तरीही या वळणाला घरोघरी जायला शंभर वर्षं लागली आणि त्याला तिथे पोचवलं ते भीतीनं. एकोणिसाव्या शतकात युरोपातल्या बहुतेक डॉक्टरांचा समज होता की रोग दूषित हवेतून, म्हणजे वासातूनच होतात. १८५८ च्या उन्हाळ्यात थेम्स नदीला अशी दुर्गंधी सुटली की पार्लमेंटच्या पडद्यांवर चुन्याचं क्लोराइड शिंपडावं लागलं. भरतीच्या वेळी नदीचं पाणी चढायचं, गटारांची तोंडं बंद व्हायची आणि आतलं सांडपाणी सखल वस्तीतल्या तळघरांत परतायचं. जोसेफ बॅझलगेट यांनी पुढे बांधलेली मोठी गटारं ही त्या उलट्या प्रवाहावरची लंडनची उपाययोजना होती. मग १८७१ मध्ये युवराज, म्हणजे पुढचे सातवे एडवर्ड, स्कारबरोच्या एका हवेलीत पाहुणे म्हणून राहिले आणि विषमज्वरानं मरता मरता वाचले. त्याच हवेलीतला एक सरदार दगावला. दोष हवेलीच्या गटारावर आला. राजवाड्यापर्यंत पोचलेली ही धास्ती मग प्रत्येक सुखवस्तू घरात शिरली. ग्लासगोचे बुकन यांच्यासारख्या प्लंबरांनी घराचा शेवटचा पाइप आणि रस्त्याचं गटार यांच्यामध्ये बसवायचे ट्रॅप काढले, प्रत्येक भांड्याखाली वळण आलं, वळणातलं पाणी ओढलं जाऊ नये म्हणून हवेचे उभे पाइप छपरावर गेले. विषमज्वर वासानं होत नाही, तो मैला मिसळलेल्या पाण्यातून आणि अन्नातून होतो, हे नंतर कळलं. समज चुकीचा होता, पण त्यापायी घरात आलेली वस्तू उपयोगाची निघाली, म्हणून ती टिकली.

मुंबईला ही वस्तू वेगळ्याच अडचणीत सापडली. शहराचा मोठा भाग भरतीच्या पातळीहून खाली किंवा जेमतेम वर. उतारावर सोडलेलं सांडपाणी समुद्रात आपसूक जाईना. ते वरळीजवळच्या लव्हग्रोव्हला पंपानं उचलावं लागलं. त्यातच चाळींची रचना अशी की दोन इमारतींच्या पाठी एकमेकींना लागून, मध्ये जेमतेम माणूस जाईल एवढी फट. तिला हाउसगल्ली म्हणत. १८८८ च्या मुंबई महापालिका कायद्यातही तिची नोंद आहे. बिऱ्हाडा-बिऱ्हाडाच्या न्हाणीचं पाणी भिंतीवरच्या उभ्या पाइपातून या गल्लीत पडायचं. विलायती भांड्याखाली बसणारा ट्रॅप इथे कामाचा नव्हता, कारण भांडं नव्हतंच. आपल्याकडे अंघोळ फरशीवर, भांडी घासणं फरशीवर, कपडे फरशीवर. पाणी गोळा होतं ते जमिनीतल्या एका भोकापाशी. तेव्हा ट्रॅपच जमिनीत उतरला. फरशीच्या पातळीला जाळी, तिच्याखाली बिडाची वाटी, वाटीत पाणी धरून ठेवणारं वळण. बांधकामाच्या इंग्रजी पुस्तकांतही त्याला ‘नहाणी ट्रॅप’च म्हणतात आणि दुकानदार ‘नानी ट्रॅप’ म्हणून देतो.

१८९६ मध्ये मुंबईच्या मांडवीत प्लेग आला तेव्हा पहिला संशय गटारांवरच गेला. कार्बोलिक आणि समुद्राचं पाणी ओतून गटारं धुतली गेली. १८९८ मध्ये पॉल-लुई सिमाँ यांनी उंदरावरच्या पिसवेचा संबंध दाखवला, तोवर बरंच कार्बोलिक वाहून गेलं होतं. मुंबईच्या ड्रेनेज खात्याचे इंजिनिअर सी. सी. जेम्स हे याच काळातले. पूर्वेकडच्या शहरांचा मैला आणि सांडपाणी यांवर त्यांनी १९०६ मध्ये ग्रंथ लिहिला. माटुंग्याच्या महारोग्यांच्या आश्रमात त्यांनी सेप्टिक टाकीचे प्रयोग केले होते, तिच्यातला गॅस जाळूनही पाहिला होता. सेप्टिक टाकी तेव्हा नवीच होती. फ्रान्समधल्या मुरास यांची बंद टाकी त्याआधीची, पण ‘सेप्टिक’ हे नाव एक्झिटरच्या डोनाल्ड कॅमेरॉन यांनी १८९६ च्या सुमारास रूढ केलं. आज भुयारी गटार नसलेल्या गावांत घरोघरी जी टाकी आहे तिचं कूळ हे. तिच्या आत येणारा पाइप पाण्यात बुडवलेला असतो, बाहेर जाणाराही. तिथेही तेच वळणाचं तत्त्व.

आता त्या वळणाची ताकद किती, ते नीट पाहू. फरशीच्या ट्रॅपमध्ये साधारण ५० मिलिमीटर, म्हणजे दोन इंच, उंचीचं पाणी धरलेलं असतं. पाइपातल्या वायूचा दाब दोन इंच पाण्याला उचलण्याइतका झाला की ट्रॅप दम तोडतो. एरवी झुरळ अडतं, डास अडतो, वास अडतो. उंदीर पोहून पार होऊ शकतो. त्याला खरी अडवते ती जाळी. आणि हे पाणी आटतं. एप्रिल-मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो, लोक सुटीला गावी जातात, पाहुण्यांच्या खोलीतलं न्हाणीघर महिनाभर कोणी वापरत नाही. परत आल्यावर दार उघडताच जो भपकारा येतो तो कोरड्या ट्रॅपचा. जाण्यापूर्वी जाळीत तांब्याभर पाणी आणि वर चमचाभर गोडंतेल सोडलं तर तेलाच्या थरानं पाणी बराच काळ टिकतं. ही गोष्ट क्षुल्लक नाही. २००३ साली हाँगकाँगच्या अमॉय गार्डन्स या गृहसंकुलात सार्सची लागण तीनशेहून अधिक रहिवाशांना झाली. न्हाणीघरं पोछा मारून स्वच्छ ठेवायची पद्धत होती, त्यामुळे फरशीच्या ट्रॅपमध्ये पाणी पडतच नव्हतं. वळणं कोरडी पडलेली, आणि न्हाणीघरातले हवा बाहेर फेकणारे पंखे सांडपाण्याच्या पाइपातली हवा आत ओढत होते. जागतिक आरोग्य संघटनेनं आणि तिथल्या सरकारनं केलेल्या तपासात हीच वाट समोर आली.

म्हणजे वायूविरुद्ध ट्रॅप भक्कम आहे. पाण्याविरुद्ध मात्र त्याची काहीच ताकद नाही. ट्रॅप म्हणजे पाण्यानं भरलेला वाकडा पाइप. पाणी त्यातून ज्या सहजतेनं जातं त्याच सहजतेनं परतही येतं. बाहेरच्या नालीत पाणी तुमच्या न्हाणीच्या फरशीपेक्षा फूटभर वर चढलं, की न्हाणीतही ते फूटभर चढणार. मध्ये एक ट्रॅप असो की चार. पाणी पातळी शोधतं आणि घरातलं सगळ्यांत खालचं भोक त्याला सगळ्यांत आधी सापडतं. बहुतेक घरांत ते भोक न्हाणीच्या जाळीचं असतं, कारण संडासाचं भांडं तिच्यापेक्षा वीतभर तरी उंच बसवलेलं असतं.

मग ट्रॅप नव्हता तेव्हा हे पाणी का येत नव्हतं? याचं उत्तर लंडनमध्ये सापडत नाही. ते आपल्या गावाच्या जमिनीत आहे.

आपल्याकडे जमीन दोन प्रकारची मानली गेली: काळी आणि पांढरी. काळीत शेती करायची, पांढरीवर घर बांधायचं. पूर्णेच्या खोऱ्यातली काळी कापसाला चांगली, पण तिच्यावर भिंत उभी करणं अवघड. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, पावसात ती फुगते. पांढरी फुगत नाही. शिवाय पिढ्यानपिढ्या मातीची घरं पडत, त्याच मातीवर नवी उभी राहत, त्यामुळे वऱ्हाडातल्या जुन्या गावाची पांढरी भोवतालच्या शेतापेक्षा उंच झालेली दिसते. मधोमध गढी, तिच्या उतारावर वस्ती. त्यावर घराचं जोतं आणखी दोन-तीन हात. मोरीचं भोक जोत्याच्या वरच्या अंगाला, नाली गल्लीच्या तळाला. मधलं अंतर दोन-तीन हातांचं, आणि ते अंतर हीच झडप होती. नालीला कितीही लोंढा आला तरी तो भोकापर्यंत पोचायच्या आत उतारानं गावाबाहेर जात असे. बोळ्याला फक्त वास आणि जनावरं सांभाळायची होती. पाणी अडवण्याचं काम उंचीनं आधीच केलेलं होतं.

गाव वाढलं तसं पांढरीवरून काळीत उतरलं. अकोट सातपुड्याचा पायथा आणि पूर्णा यांच्यामधल्या सपाट पट्टीत आहे; जमिनीचा ढाळ दक्षिणेकडे, पण मंद. गावकुसाबाहेरची शेतं बिनशेती झाली, लेआउट पडले, प्लॉट विकले गेले. जोतं पूर्वी जमिनीपासून मोजत, आता समोरच्या रस्त्यापासून मोजतात, आणि रस्ता काही जागेवर राहत नाही. मुरूम पडतो, मग खडी, मग डांबर, मग त्यावर सिमेंट काँक्रीट. जुना थर खरवडून काढायचा खर्च आणि त्रास नको म्हणून नवा थर त्याच्यावरच चढतो. रस्त्यासोबत काठची नालीही वर सरकते. ‘पयले घरात चढा लागे, आता उतरा लागते,’ असं जुन्या वस्त्यांतली म्हातारी माणसं म्हणतात. घर तिथेच आहे, जोतं तेवढंच आहे. फक्त बाहेरचं जग वर गेलं. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी निर्धोक असलेली न्हाणी आज नालीच्या तोंडाशी आली आहे. उलट येणाऱ्या सांडपाण्याचं हे सगळ्यांत मोठं कारण, असं माझं मत आहे आणि त्याचा उपाय एकट्या घरमालकाच्या हातात नाही. नवा रस्ता करताना जुना उखडून मूळच्या पातळीला आणणं, ही साधी अट प्रत्येक वॉर्डातल्या लोकांनी आग्रहानं मागितली पाहिजे.

काळ्या मातीचा दुसरा मार जमिनीखाली असतो. ती दर वर्षी फुगते आणि आकसते, तेव्हा तिच्यात पुरलेला पाइपही हलतो. जुन्या स्टोनवेअर पाइपांचे सिमेंटचे सांधे असे तडकतात, प्लॅस्टिकचा पाइप मध्येच झोल घेतो. पाइपाचा बारीक ढाळ नाहीसा व्हायला तेवढं पुरतं. झोलात गाळ बसतो, वाट अरुंद होते आणि पाऊस नसतानाही चेंबर भरतं. म्हणून या मातीत पाइप घालताना चर रुंद खोदून खाली आणि भोवती वाळूची किंवा मुरमाची गादी देतात. हे काम झाकलं जातं, दिसत नाही, म्हणून त्यावरचा खर्च वाचवला जातो.

शोषखड्ड्याचंही इथे वेगळं आहे. टाकीतून निघणारं पाणी शोषखड्ड्यात सोडावं, असं पुस्तक सांगतं. मुरमाड जमिनीत ते चालतं. अकोट तालुक्याचा दक्षिणेकडचा भाग खारपाणपट्ट्यात येतो. तिथली चिकण, क्षारयुक्त काळी एकदा भिजली की पाणी पिणं जवळजवळ थांबवते. ऑगस्टमध्ये शोषखड्डा काठोकाठ भरतो, टाकी भरते आणि पाणी संडासाच्या भांड्यात दिसू लागतं. मग टाकीचा पाइप गुपचूप रस्त्याच्या नालीला जोडला जातो. अशी दहा घरं जोडली गेली की सांडपाण्याची नाली मैल्याची होते, आणि पुढच्या पावसात तीच दहा घरांत परत येते.

याच खारपाणपट्ट्यात पिण्याचं पाणी वान धरणावरून नळयोजनेनं आणावं लागलं. ८४ खेडी योजना म्हणून ती ओळखली जाते. पाणी असं दुरून येणाऱ्या मुलखात शौचालयासाठी बादलीभर पाणी कोण ओतणार? भारतातल्या ग्रामीण शौचालयाच्या भांड्याला म्हणूनच वेगळा ट्रॅप मिळाला. लखनौच्या नियोजन संशोधन आणि कृती संस्थेनं १९५० च्या दशकात, आणि पुढे १९७० पासून बिंदेश्वर पाठक यांच्या सुलभ या संस्थेनं, वळणातलं पाणी ५० वरून २० मिलिमीटरवर आणलं आणि भांड्याचा उतार तीव्र केला. दीड-दोन लिटर पाण्यात भांडं धुतलं जाऊ लागलं. दोन खड्ड्यांच्या शौचालयात आजही हाच ट्रॅप असतो. मैला वाहून नेण्याची अमानुष प्रथा मोडण्यात या वीस मिलिमीटर पाण्याचा वाटा फार मोठा आहे, आणि ट्रॅपच्या सगळ्या इतिहासात मला सर्वांत मोलाचं वाटतं ते हेच पान.

आपल्या भागात स्वच्छतेची गोष्ट निघाली की शेजारच्या अंजनगाव सुर्जी तालुक्यातल्या शेंडगावचं नाव येणारच. १८७६ साली तिथे जन्मलेले गाडगेबाबा गावात शिरले की आधी हातात खराटा घेत, रस्ते झाडत, नाल्या मोकळ्या करत, आणि कीर्तन रात्री. तुंबलेली नाली म्हणजे सगळ्या गल्लीच्या घरांत घुसायला टपलेलं पाणी, हे त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती. मृगापूर्वी नाली गाळमुक्त असेल तर निम्मी घरं वाचतात. हे आजही खरं आहे आणि याला पैसे जवळजवळ लागत नाहीत.

उरलेल्या निम्म्या घरांसाठी झडप. प्लंबर तिला एनआरव्ही म्हणतात. पाइपात वरच्या कडेला बिजागरीवर टांगलेलं एक झाकण. घरातून पाणी आलं की ते ढकललं जाऊन उघडतं, पाणी संपलं की आपल्या वजनानं मिटतं, बाहेरून लोंढा आला तर तोच लोंढा ते आणखी घट्ट दाबून धरतो. समुद्रात उघडणाऱ्या गटारांच्या तोंडाशी भरतीसाठी अशी झाकणं फार पूर्वीपासून लावत आले आहेत. आता तीच चार इंची प्लॅस्टिकच्या पाइपात बसण्याएवढी लहान होऊन आली. ती बसवायची जागा एकच: घराचं सगळं सांडपाणी एकत्र येऊन बाहेर पडतं त्या शेवटच्या चेंबरमध्ये, आणि तीही वरचं झाकण उघडून हात घालता येईल अशी. कारण तिच्यात केस, चिंधी, प्लॅस्टिकची पिशवी अडकली की झाकण बोटभर उघडं राहतं, आणि बोटभर फटीतून घर भरतं. मे अखेरीस एकदा आणि पावसाळ्यात दर महिन्याला एकदा ती उघडून धुवायची. जिथे ही झडप परवडत नाही तिथे न्हाणीच्या जाळीखाली आट्याचं तोंड करून घ्यावं. पाऊस लागला की त्यात गुडघाभर उंचीचा पाइपाचा तुकडा फिरवून बसवायचा. पाणी पाइपात चढतं, फरशीवर येत नाही. संडासाचं भांडं मात्र त्या पातळीहून उंच असायला हवं, नाहीतर पाणी तिथून येईल.

झडप मिटलेली असताना घरातलं पाणीही बाहेर जात नाही, हे अनेकांच्या लक्षात येत नाही. बाहेर नाली तुडुंब असेल त्या तासा-दोन तासांत नळ बंद ठेवायचे, वॉशिंग मशीन लावायचं नाही. दुमजली घरात याला फार जपावं लागतं. वरच्या मजल्यावर कुणी अंघोळ केली तर ते पाणी मिटलेल्या झडपेशी अडून खालच्या न्हाणीतून वर येतं, आणि लोक म्हणतात झडप निकामी निघाली. वरच्या मजल्याला पुराची भीती नसते, तेव्हा त्याचा उभा पाइप खालच्या चेंबरला न जोडता वेगळा उतरवून झडपेच्या पुढे, रस्त्याच्या बाजूला, सोडावा. घर बांधतानाच मिस्त्रीला हे सांगितलं तर पंधरा-वीस फूट जास्तीचा पाइप लागतो. नंतर करायचं म्हटलं तर अंगणातली फरशी फोडावी लागते.